आतून पडलेलं भोक

१

मोटरीच्या बैठकीवरचं रक्त अजून कोणी पुसलं नव्हतं. चामड्यावर ते वाळून काळं पडलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. त्याच बैठकीला हात टेकून डोणगावचे उकंडराव देशमुख पान चघळत उभे होते आणि मला मोटरीचे गुण सांगत होते.

"अशी मोटर आता भेटाची नाही, साहेब. लढाई सरली तरी भेटाची नाही. शर्यतीची मोटर हाये. घोड्यावानी पळे. माह्या भावानं, अनंतानं, बुलढाण्याच्या एका गोऱ्या साहेबापासून घेतली होती. मारून टाकली त्या हरामखोर ड्रायव्हरनं!"

"आणि मूल?" मी विचारलं.

"ते तं गेलं," ते म्हणाले, आणि बाजूला पिंक टाकून पुन्हा मोटरीकडे वळले. "पन हे पाहा ना तुम्ही, खालतून पाहा."

मी खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनिअर आहे. वाफेची आणि तेलाची इंजिनं बिघडली की लोक मला बोलावतात. या वेळी मेहकरचे ठाणेदार वैजनाथराव यांनी बोलावलं होतं. आम्ही अमरावतीला एका शाळेत होतो. ते तेव्हापासून मोजकंच बोलतात. वाटेत त्यांनी सांगितलं ते एवढंच: अनंतराव पावसाळ्यात तापानं वारले. त्यांची बायको वासंती गरोदर होती. आठवड्यापूर्वी तिला कळा लागल्या, मूल अडलं, सुईणीनं मेहकरच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. घरच्या, पुढे दोनच माणसं बसतील अशा जुन्या शर्यतीच्या मोटरीतून ती निघाली आणि अर्ध्या वाटेत इंजिन फुटलं. मूल रस्त्यातच गेलं. मुलगा होता. वासंती कशीबशी वाचली. उकंडरावांची फिर्याद अशी की ड्रायव्हर पुंजाजीनं बेफामपणे मोटर दगडावर घातली, इंजिनाखालची तेलाची टाकी फुटली, तेल सांडलं, तरी तो हाकतच राहिला.

"पुंजाजीला कोर्टापुढे उभा करायच्या आधी मला जाणत्या माणसाचा शब्द हवा," वैजनाथराव म्हणाले होते.

मोटरीच्या चाकांखाली फळ्या सरकवून ठेवल्या होत्या. मी सतरंजी अंथरून खाली सरकलो. इंजिनाच्या पोटाला पत्र्याची टाकी होती आणि तिच्यात मूठ जाईल एवढं भोक. एखाद्या नवख्यानं पाहताक्षणी म्हटलं असतं, लागला दगड.

मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं. पत्र्याच्या पाकळ्या सगळ्या खाली, माझ्याकडे वळलेल्या होत्या. आत इंजिनाचा एक तुटलेला दांडा लोंबत होता.

दगड लागला असता तर पत्रा आत चेपला असता. हे भोक आतून पडलं होतं.

२

पुंजाजीला गोठ्यात बसवून ठेवलं होतं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. ठाण्यात नेईपर्यंत पळून जाऊ नये म्हणून बांधला, असं घरातल्या लोकांचं म्हणणं. दावणीच्या दोरानं बांधला होता, बैलांच्या शेजारी, आणि खालचं शेण कोणी काढलं नव्हतं. वैजनाथरावांनी स्वतःच्या हातानं दोर सोडला.

"तेल केव्हा पाहिलं होतंस?" मी विचारलं.

"रोज सकाळी पाहातो जी. त्या दिशीबी पाह्यलं. सळई घातली, भरून होतं तेल. लढाईपासून मोटरीचं तेल भेटत नाही, म्हनून तेलघाणीचं एरंडेल घालतो मी. या मोटरीले एरंडेल चालते. अनंतभाऊनंच शिकोलं मले."

"आणि निघताना?"

त्यानं मनगटावरचे दोराचे वळ चोळले. मग म्हणाला, "निघताना नाही पाह्यलं. मले पुष्पाबाईनं सुंठ आनाले बजारात धाडलं होतं. वापस आलो तं सारे ओरडून राह्यले, काढ मोटर, काढ मोटर. वासंतीबाईले उचलून आनलं. मी हँडल मारलं अन् निंघालो."

"तेलाचा दाब दाखवणारा काटा?"

"तो कवाचा मोडला, साहेब. सामानच भेटत नाही. दुसऱ्या टेकडीपाशी इंजिन ठोकाले लागलं. मले समजलं, काहीतरी बिघडलं. पन बाईच्या किंकाळ्या आयकून मी थांबू कसा? उभी केली असती तं त्या तिथंच मेल्या असत्या. मंग मोठा आवाज झाला अन् सारं संपलं." त्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "अनंतभाऊचं लेकरू होतं जी ते."

"दगड लागला होता?"

"कोनता दगड?"

उकंडरावांची बायको पुष्पाबाई तेवढ्यात गोठ्याच्या दाराशी आल्या. हडकुळ्या, टापटिपीच्या. कमरेला खोचलेल्या अडकित्त्यानं सुपारी कातरत त्या म्हणाल्या, "साहेब, शिरा केला हाये. गरम हाये तवर घ्या. त्याच्यापाशी काय बसता, वास येते."

वास खरोखरच येत होता. शिऱ्याला मी नको म्हटलं. मी वैजनाथरावांना घेऊन मेहकरच्या रस्त्याला लागलो.

फाल्गुनाचे दिवस. रस्त्यावर पावलाएवढी धूळ, आणि त्या धुळीवर थंडी संपल्यापासून थेंब पडलेला नव्हता. अशा धुळीत तेल सांडलं तर त्याचे काळे गोळे होतात आणि पाऊस येईपर्यंत तसेच राहतात. उकंडरावांच्या माणसानं दाखवलेला दगड आम्ही पाहिला. त्याच्या आसपास धूळ कोरडी होती. तिथून मोटर थांबली त्या जागेपर्यंत आम्ही पायी गेलो. कुठेही डाग नाही. मोटर जिथं फुटली तिथं लोखंडाचे चुरे होते, काचेसारखे चमकत होते. एका बाजूला रक्ताची चिंधी बाभळीच्या काट्याला अडकली होती. तेलाचं डबकं मात्र नव्हतं. टाकीला मुठीएवढं भोक पडूनही खाली ओघळ नाही!

"याचा अर्थ?" वैजनाथरावांनी विचारलं.

"याचा अर्थ, तेल रस्त्यात सांडलंच नाही. तेल नव्हतं म्हणून इंजिन कोरडं फिरलं, तापून जाम झालं, दांडा तुटला आणि त्या दांड्यानं टाकी फोडली. भोक सगळ्यांत शेवटी पडलं."

"पण सकाळी तर तेल भरलेलं होतं म्हणतो."

"सकाळी होतं. निघताना नव्हतं. मोटर घरातून निघाली तीच कोरडी."

३

सुईण रुखमाबाई गावाच्या टोकाला राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात पाय पसरून बसली होती. पोलीस पाहून उठली नाही.

"मले काय इचारता? त्या घरच्याईले इचारा. मी पहाटीच सांगलं होतं, पोर आडवं हाये, माह्या हातचं काम नाही, हिले मेहकरले न्या. पहाटी सांगलं! हो म्हने, नेतो म्हने. अन् मोटर काढली कवा? सूर्य डोक्यावर आल्यावर."

"तुम्ही मोटरीत कुठं बसला होतात?"

"मांगं. डिक्कीवानी उघडी जागा हाये ना, तिच्यात. धुराचं नळकांडं माह्या खालीच होतं."

मी सहज विचारलं, "धूर फार होता?"

"धूर होता. पन वास नव्हता." ती थांबली, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "ते मोटर गावातून गेली का एरंडेलाचा जळका वास येते, साहेब. पोराई तिले जुलाबाची गाडी म्हनतात. माह्यं सारं आयुष्य एरंडेलात गेलं, मले तो वास झोपेत समजते. त्या दिशी नव्हता तो. तापल्या तव्यावानी निसता लोखंडाचा वास."

म्हणजे माझं अनुमान खरं होतं.

मग तिनं पुढचं सांगितलं. मोटर फुटल्यावर पुंजाजी डोणगावला परत पळाला. अनंताचा धाकटा भाऊ शालिग्राम दमणी घेऊन आला. बायकामाणसांची छपराची ती बैलगाडी.

"मी म्हटलं, बाबू, बैल पळव. तं म्हने, बैलाईले दम लागीन. आयकता काय साहेब? बैलाईले दम लागीन! पोराचा एक हात बाहीर आला होता. निळा पडून राह्यला होता. मी तो हात धरून बसली होती." तिनं थुंकायला तोंड वळवलं. "अन् एक गोष्ट तुमाले सांगतो. तुम्ही वासाचं इचारलं म्हनून याद आली. मोटरीत नव्हता तो वास, तो दमणीत होता. चाक फिरे, तसा आखापासून जळक्या एरंडेलाचा भपकारा ये."

वैजनाथरावांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

४

दमणी गोठ्यामागे उभी होती. तिच्या चाकांच्या आखावर वंगण लावलेलं होतं, आणि दांडीला वंगणाचं मडकं टांगलेलं होतं. बैलगाडीला एरंडेल लावतात हे खरं. पण ते पिवळं असतं. या मडक्यातलं तेल डांबरासारखं काळं होतं. मी बोटावर घेऊन हुंगलं. एरंडेल, काजळी, आणि खाली पेट्रोलचा उग्र वास. इंजिनात फिरलेलं तेल होतं ते.

ज्या तेलानं तिला मेहकरला पोचवलं असतं, ते काढून आधीच आखाला फासून ठेवलं होतं. चांगलं तेल वाया का घालवा! आणि त्याच तेलावर दमणी सावकाश चालत तिच्याकडे गेली होती.

मी परत मोटरीखाली शिरलो. टाकीच्या बुडाला तेल काढायचं पितळी बूच असतं. ते जागेवर होतं, पण अर्धवट आवळलेलं. मी ते हातानंच फिरवून काढलं आणि उजेडात आणलं. बुचाच्या एका बाजूला एक सरळ, खोल, सुरीनं कापावी तशी खाच होती. बरोबर समोरच्या बाजूला नुसता चपटा घासा.

शालिग्राम बाजूलाच उभा होता. कॉलेजात दोन वर्षं काढून परत आलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला पोरगा.

"मोटरीची हत्यारं कुठं असतात?" मी विचारलं.

"बैठकीखालच्या पेटीत. किल्ली माझ्यापाशी अन् पुंजाजीपाशी असते."

"या बुचाचा पाना?"

"त्याच पेटीत." त्यानं पेटी उघडून पाना दाखवला. बुचावर तो चपखल बसला.

म्हणजे बूच काढणाऱ्याकडे या पेटीची किल्ली नव्हती, किंवा पेटीत पाना असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी उकंडरावांकडे पाहिलं. ते ओट्यावर पसरले होते. मोटर जमिनीला इतकी लागून होती की सडपातळ असूनही मला कुशीवर सरकावं लागलं होतं. उकंडरावांचं पोट तिच्याखाली जाणं शक्य नव्हतं.

"मोटरीतलं तेल कसं काढतात, हे घरात कोणी पाहिलं आहे?" मी पुंजाजीला विचारलं. त्याला आता ओट्याच्या पायरीवर बसवलं होतं.

"मागच्या महिन्यात मी तेल बदललं, तवा सारे इथंच होते जी. उकंडरावभाऊनं इचारलंबी, तेल नसलं तं मोटर चालूच होत नाही काय बे? मी म्हटलं, चालू होते, दोन टेकड्या जाते, मंग मरते."

ओट्यावरचं चघळणं थांबलं.

"पुष्पाबाई," मी म्हणालो, "एक सुपारी द्याल का?"

त्यांनी कमरेचा अडकित्ता काढला. मोठा, लोखंडी, माहेरून आणलेला असावा तसा. सुपारी कातरून त्यांनी हात पुढे केला. मी सुपारी घेतली नाही. अडकित्ता घेतला.

पात्याची धार एका जागी मुडपली होती, आणि त्या मुडपलेल्या जागी पिवळी रेघ होती. पितळेची.

मी बूच त्या अडकित्त्यात धरलं. पातं खाचेत बसलं आणि खालचा दांडा घाशावर.

५

"हे काय चालवलं?" उकंडराव उठून बसले.

"तुमची फिर्याद तपासतोय," मी म्हणालो. "मोटर दगडावर गेली नाही. तिचं तेल घरीच काढलं. पुंजाजीला बाजारात पाठवलं तेव्हा. मोटर नादुरुस्त आहे किंवा पेट्रोल नाही असं सांगितलं असतं, तर गाव म्हणालं असतं की देशमुखांनी विधवेला दवाखान्यात नेलं नाही. म्हणून मोटर निघायला हवी होती. सगळ्यांनी ती निघताना पाहायला हवी होती. फक्त ती पोचायला नको होती. आणि दोष घ्यायला ड्रायव्हर होताच."

पुष्पाबाईंनी पदर सारखा केला.

"तिले पोरगा झाला असता," त्या म्हणाल्या, "तं अनंतभाऊजीचा सारा हिस्सा त्याचा. माह्ये दोन लेकरं हायेत. त्याईच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याच्या लेकरापुढं ठेवू काय?"

"बाई, तुम्ही त्या मुलाची काकू," वैजनाथराव म्हणाले.

"होती तं होती. मले मोटरीचं काय समजते? याइनं सांगलं तसं केलं." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "हेच म्हनले, बूच काढ, तेल काढ, सांडू नको, मडक्यात भर."

उकंडराव ताडकन उभे राहिले. एवढं मोठं शरीर इतक्या चपळाईनं उठेल असं मला वाटलं नव्हतं.

"खोटं! ठाणेदारसाहेब, मी काही म्हटलं नाही. बायकाईची अक्कल! न्या हिले. आत्ता न्या. माह्या घरात नको मले हे असली बाई."

पंचवीस वर्षांच्या संसारातल्या बायकोकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. पुष्पाबाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. बाळासाठी नव्हे. स्वतःसाठी.

मी शालिग्रामकडे वळलो. "तुम्ही ही मोटर कित्येकदा चालवली. तिच्या तेलाचा वास तुम्हाला ठाऊक आहे. दमणी हाकताना तो आला नाही?"

"आला," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय... मी म्हटलं, आता तर झालंच हाये. बोलून काय उपयोग."

"म्हणून बैल पळवले नाहीत?"

सदऱ्याच्या बाहीवरची धूळ तो नखानं काढत होता.

मी पुष्कळ इंजिनं उघडली आहेत. आत मेलेले उंदीर सापडले आहेत, कुजलेला कापूस सापडला आहे. हात साबणानं धुतले की ते जातं. त्या दिवशी डोणगावच्या विहिरीवर मी तीनतीनदा हात धुतले आणि तरी मला माझ्या बोटांना तो वास येत राहिला. माझ्या मागून गडी शिऱ्याचं ताट घेऊन आला होता. मी त्याला ते गायीपुढे ठेवायला सांगितलं. पुंजाजी म्हणाला, "राहू द्या साहेब, गाईचं पोट बिघडीन."

६

पुढचं कोर्टात झालं, आणि तेही स्वच्छ नव्हतं. पुंजाजी त्याच दिवशी सुटला. पुष्पाबाईंना शिक्षा झाली. उकंडरावांनी अमरावतीचा नावाजलेला वकील दिला. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला साक्षीदार नाही, आणि बायकोचा शब्द तिच्या स्वतःच्या बचावासाठी आहे, असं त्या वकिलानं पटवून दिलं. ते सुटले. शालिग्राम सरकारच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला, नवा कोट घालून, आणि त्यानं अगदी खरंखरं सांगितलं. बाहेर आल्यावर त्यानं मला नमस्कारही केला. मी घेतला नाही.

पुढच्या फाल्गुनात, निकालानंतर, मी दुसरबीडला गेलो. वासंती माहेरी होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. वडिलांच्या मळ्यावर, हरभऱ्याच्या खळ्याशेजारी सावलीत बसून ती घाटे सोलत होती. वर्ष होऊनही अंगात पुरता जीव आला नव्हता, पण बोटं चालू होती.

मी तिला निकाल सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाळाला पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "रुखमाबाईंनी दाखवलं. यांच्यासारखं कपाळ होतं." मग तिनं विचारलं, "जाऊबाईंनी हिश्श्यापायी केलं, व्हय ना काका? आता तो हिस्सा त्यांनाच ना?"

"तेच सांगायला आलो आहे," मी म्हणालो. "मी मेहकरच्या एका वकिलाला विचारलं. नवा कायदा झाला आहे. नवऱ्याच्या मागं त्याचा हिस्सा बायकोला मिळतो. मूल असो की नसो. इकडे आता शेतजमिनीतही मिळतो."

तिचे हात थांबले.

"मूल नसलं तरी?"

"नसलं तरी."

"म्हणजे बाळ जगलं असतं, तरी हिस्सा मला होताच? अन् मेलं, तरी होताच?"

"होताच."

खळ्यावर बैल फिरत होते. तिचे वडील दुरून आमच्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता ती रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर मी ओळखत असलेली किळस आली. डोणगावच्या विहिरीवर मी तीनतीनदा हात धुतले होते, ते तिच्याचपायी.

"उगीच मारलं," ती म्हणाली. "फुकट मारलं माझं लेकरू."

"फक्त एक आहे," मी म्हणालो, कारण ते लपवणं मला बरं वाटेना. "हिस्सा तुझ्या हयातीपुरता आहे. तुझ्या मागं तो त्यांच्याकडेच जाईल. उकंडराव वाट पाहतील."

तिनं सोललेले घाटे ओच्यात गोळा केले, एक हात जमिनीवर टेकला आणि कष्टानं उठून उभी राहिली. वडील धावत आले, पण तिनं त्यांना हातानं थांबवलं.

"काका," ती म्हणाली, "मग मला लई जगावं लागंल."